मनात आलं म्हणजे पाप झालं का?

१६५० च्या दशकात इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या परिसरात एक तरुण गावोगाव फिरून भांडी दुरुस्त करत असे. फुटक्या किटल्यांना डाग द्यायचा, कढयांना ठिगळं लावायची, हा वडिलांपासूनचा धंदा. त्याचं नाव जॉन बन्यन. जेवायला बसला, लाकडं फोडायला गेला, अगदी खाली पडलेली टाचणी उचलायला वाकला, तरी त्याच्या मनात एकच हुकूम घुमायचा: ख्रिस्ताला विकून टाक. या टाचणीसाठी विक, त्या घासासाठी विक. तो मनातल्या मनात ‘नाही, नाही’ म्हणत राही. समोर कुणी उभं असावं तसा हातांनी, कोपरांनी त्या विचाराला ढकलत राही. वर्षभर हे चाललं. मग एका सकाळी अंथरुणात असताना, झगडून थकलेल्या त्याच्या मनातून वेगळाच विचार सरकून गेला: त्याला जायचंच असेल तर जाऊ दे. बन्यनच्या लेखी सौदा पुरा झाला होता.

बायबलमधला एसाव एका जेवणापायी ज्येष्ठपणाचा हक्क विकतो आणि पुढे कितीही रडला तरी तो त्याला परत मिळत नाही. आपली गत तीच, असं बन्यनने धरलं. धीर करून त्याने एका वयोवृद्ध, मुरलेल्या ख्रिस्ती माणसाला विचारलं, की पवित्र आत्म्याविरुद्धचं, कधीच क्षमा न होणारं पाप माझ्या हातून झालं असेल का? म्हातारबुवा म्हणाले, मलाही तसंच वाटतं! या खाईतून वर यायला बन्यनला बराच काळ लागला. पुढे, अधिकृत चर्चबाहेर प्रवचनं करणं सोडत नाही म्हणून १६६० ते १६७२ तो बेडफर्डच्या तुरुंगात होता. तिथे असतानाच त्याने ही सगळी हकीकत लिहिली आणि १६६६ साली ती छापली गेली. ती वाचल्यावर आजचा कोणताही मनोविकारतज्ज्ञ दोन पानांत निदान सांगेल: ओसीडी. आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो आजार, त्याचा धार्मिक अवतार.

बन्यनचा प्रश्न मात्र निदानाने संपत नाही. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद उंचावतात नेमक्या त्या क्षणी एखाद्याच्या डोळ्यांपुढे अश्लील चित्र उभं राहतं. प्रार्थना म्हणताना देवालाच शिवी सुचते. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आईच्या मनात येतं, की याला पाण्यात दाबलं तर? या माणसांना डॉक्टरी नाव नंतर हवं असतं. आधी त्यांना एवढंच कळायला हवं असतं, की देवाच्या वहीत हे माझ्या नावावर लिहिलं गेलं का?

ही भीती निराधार नाही, हे आधी कबूल करायला हवं. ख्रिस्ती धर्माने मनाच्या आतल्या खोलीला पापाच्या हिशेबात मुद्दाम धरलं आहे. दहावी आज्ञाच मुळी ‘लोभ धरू नको’ अशी आहे. चोरीचा निषेध आठव्या आज्ञेत होऊन गेलेला असतो. दहावी थेट हावेला हात घालते. डोंगरावरच्या प्रवचनात येशू त्याहून पुढे जातो. परस्त्रीकडे कामुक हेतूने पाहणारा मनात व्यभिचार करून चुकला, असं मत्तयच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो. मार्कच्या सातव्या अध्यायात तर दुष्ट विचार माणसाच्या अंतःकरणातूनच निघतात आणि माणसाला विटाळतात असं म्हटलं आहे. मनात सदैव हिशेब मांडणाऱ्या माणसाला एवढी वचनं पुरेशी होतात.

अॅडम कोहेन आणि पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ज्यू आणि प्रोटेस्टंट लोकांपुढे काही काल्पनिक प्रसंग ठेवले. एक माणूस विवाहबाह्य संबंधाचा नुसता विचार करतो. दुसऱ्याला आईवडील मनातून आवडत नाहीत, पण तो त्यांचं सगळं नीट करतो. २००१ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रोटेस्टंटांनी विचारालाच जास्त दोष दिला. विचार माणसाच्या ताब्यात असतो आणि तो कृतीकडे नेतो, हेही त्यांनी ज्यूंपेक्षा जास्त मानलं. म्हणजे ‘मनात आलं म्हणजे निम्मं झालंच’ ही ख्रिस्ती घरातली समजूत मोजून दाखवता येते.

पण त्याच शुभवर्तमानात या प्रश्नाचं उत्तरही आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायाच्या आधी चौथा येतो. अरण्यात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतान सुचवतो, की धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या कळसावरून उडी टाक, माझ्या पाया पड. या तिन्ही सूचना येशूपर्यंत पोचल्या आहेत. त्याला त्या कळल्या, त्याने त्यांना उत्तरही दिलं. सूचना पोचणं हेच पाप मानलं तर ख्रिस्तालाच पापी म्हणावं लागेल, आणि इब्री लोकांस लिहिलेलं पत्र तर स्पष्ट सांगतं, की त्याची आपल्यासारखीच सर्व प्रकारे परीक्षा झाली पण तो निष्पाप राहिला. याकोबाच्या पत्रात पापाचा क्रम जन्माच्या भाषेत आला आहे: वासना गर्भ धरते आणि मग पापाला जन्म देते. गर्भ धरण्यापूर्वी जे काही असतं त्याला याकोब पाप म्हणत नाही. आणि पाचव्या अध्यायातला तो प्रसिद्ध इशारासुद्धा हेतूने, मन लावून पाहणाऱ्याबद्दल आहे. नजरेसमोर चित्र येऊन आदळलं आणि माणूस दचकला, त्याच्याबद्दल तो नाही.

हा फरक पहिल्यांदा नीट अभ्यासला तो इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी. चौथ्या शतकात शेकडो माणसं गावं सोडून नित्रिया, केल्लिया अशा ठिकाणी झोपड्या बांधून राहू लागली. बायको, पैसा, भांडण सगळं मागे टाकलं. उरलं फक्त मन, आणि तेच सर्वांत जास्त छळू लागलं. त्यांच्यातला सर्वांत बुद्धिमान इव्हाग्रियस. राजधानी कॉन्स्टँटिनोपलमधली उमेद सोडून आलेला हा माणूस ३९९ साली वारला. त्याने या विचारांचे आठ प्रकार पाडले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, साधनेचा कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. दोनशे वर्षांनी पोप ग्रेगरींनी या यादीत फेरफार करून तिची सात महापापं केली. तो खरं म्हणजे मोठा घोटाळा होता. इव्हाग्रियसच्या यादीत ‘विचार’ होते, पापं नव्हती. हे विचार आपल्याला सतावतील की नाही हे आपल्या हातात नाही, ते मनात रेंगाळतील की नाही एवढंच आपल्या हातात आहे, असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं होतं. हवामान खात्याचा अंदाज कुणीतरी गुन्ह्यांची नोंदवही म्हणून वाचावा तसं पुढे झालं.

त्याच काळातल्या अब्बा पोयमेनची एक गोष्ट वाळवंटातल्या वचनसंग्रहात आहे. एक भाऊ तक्रार घेऊन आला, की मनात नाही नाही ते विचार येतात, माझा घात होणार. पोयमेनने त्याला उघड्यावर नेलं आणि म्हणाला, छाती फुगव आणि वारा आत येऊ देऊ नकोस. भाऊ म्हणाला, ते कसं जमेल? मग विचार येणंही तुला थांबवता यायचं नाही, पोयमेन म्हणाला. त्यांच्यापुढे न झुकणं तेवढं तुझं काम.

सीनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठाचा प्रमुख योहान क्लिमाकस याने सातव्या शतकात तीस पायऱ्यांच्या शिडीचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने विचाराच्या प्रवासाचे टप्पे दिले आहेत: आधी विचार येऊन धडकतो, मग आपण त्याच्याशी बोलू लागतो, मग रुकार देतो, मग त्याच्या कैदेत जातो. पहिला टप्पा पूर्ण निष्पाप, असं तो सांगतो. पण मला या ग्रंथात सर्वांत मोलाची वाटते ती तेविसाव्या पायरीवरची एक हकीकत. देवनिंदेच्या विचारांनी एका संन्याशाला वीस वर्षं पिळून काढलं होतं. उपास झाले, जागरणं झाली, काही उपयोग नाही. शेवटी त्याने ते सगळे विचार कागदावर लिहिले, एका वडीलधाऱ्या साधूकडे गेला, कागद हातात दिला आणि जमिनीवर पालथा पडला. मान वर करायची हिंमत नव्हती. साधूने कागद वाचला आणि तो हसला. त्याला उठवून म्हणाला, बाळा, तुझा हात माझ्या मानेवर ठेव. हात ठेवल्यावर म्हणाला, हे पाप माझ्या मानेवर. आजवर जितकी वर्षं झालं आणि पुढे जितकी वर्षं होईल तेवढं सगळं. तू फक्त याच्याकडे यापुढे लक्ष देऊ नकोस. खोलीतून बाहेर पडण्याआधीच व्याधी गेली, असं त्या संन्याशानेच क्लिमाकसला सांगितलं.

वीस वर्षांचं दुखणं क्षणात जातं का, हा वाद बाजूला ठेवू. त्या साधूने काय विचारलं नाही ते पाहा. तू या विचाराला संमती दिलीस का, किती क्षण दिलीस, त्यात तुला सुख वाटलं का, यातलं एकही अक्षर त्याने काढलं नाही. तो हसला, जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि दुर्लक्ष करायला सांगितलं. पुढच्या हजार वर्षांत पश्चिमेकडच्या चर्चने नेमका उलटा रस्ता धरला, आणि त्यात पुष्कळ माणसं हकनाक भरडली गेली.

त्या रस्त्याची सुरुवात त्याआधीच आणि अगदी शहाणपणाने झाली होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टिनने डोंगरावरच्या प्रवचनावर भाष्य लिहिताना पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: सूचना, त्यातून वाटणारं सुख आणि संमती. पाप पुरं होतं ते तिसऱ्या पायरीवर. कॅथलिक चर्चचं आजचं उत्तरही याच पायावर उभं आहे. १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथानुसार महापाप व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि जाणूनबुजून दिलेली संमती हवी. न बोलावता आलेल्या, नकोशा विचाराला तिसरी अटच लागू पडत नाही. कागदावर प्रश्न मिटला.

पण हा नियम पापनिवेदनाच्या खुर्चीपाशी आला तेव्हा त्याचं काय झालं ते पाहिलं पाहिजे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापं सांगणं सक्तीचं केलं. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये बजावलं, की गुप्त, केवळ मनात घडलेली महापापंही सांगायलाच हवीत. आता माणसाला पापनिवेदनाला जाण्याआधी बसून मनाची झडती घ्यावी लागणार. तो विचार आला तेव्हा मी लगेच झटकला का? झटकण्याआधी क्षणभर थांबलो का? थांबलो तर ते थांबणं म्हणजे संमती का? निरोगी माणूस या प्रश्नांवर फार रेंगाळत नाही. पण संशयाचा आजार असलेल्या माणसाला तुम्ही सोनाराचा काटा हातात दिला, की तो धूळसुद्धा तोलत बसतो.

इग्नेशियस लोयोला त्यातून थोडक्यात वाचला. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी तो पश्चात्तापाची साधना करत होता. साऱ्या आयुष्याची पापं त्याने लिहून काढून सांगितली होती, तरी काही राहिलं असेल या शंकेने तो पुन्हा पुन्हा जाई. धर्मगुरूने तोडगा काढला: जे अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं पाप सांग. पण इग्नेशियसला सगळंच स्पष्ट दिसत होतं! तोडगा फुकट गेला. त्याच्या खोलीत एक मोठं भोक होतं. त्यातून स्वतःला खाली झोकून द्यावं असे झटके त्याला येऊ लागले. आठवडाभर त्याने अन्नाला शिवायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं. शेवटी त्याला उमगलं, की हा सगळा खटाटोप देवाकडून येत नाही, आणि त्याने एकाएकी ठरवलं, की जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत. एवढ्यावर तो सुटला. याच इग्नेशियसने पुढे जेझुइट संघ काढला. त्या संघाचा फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला उतरला. गोव्यातल्या आणि वसईतल्या कॅथलिक धर्मजीवनाच्या घडणीत या संघाचा मोठा वाटा आहे. इग्नेशियसच्या साधनाग्रंथात अशा शंकांवर वेगळ्या सूचना आहेत. नाजूक मनाच्या माणसाला शत्रू आणखी नाजूक करू पाहतो, तेव्हा अशा माणसाने मुद्दाम उलट दिशेला जावं, हे त्यातलं सार. चारशे वर्षांनी मानसोपचारांनी जे सांगितलं त्याचा हा आधीचा नमुना म्हणायला हरकत नाही.

जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात, पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथरही तासन्‌तास पापं सांगत बसे. त्याचा गुरू स्टाउपित्स वैतागून त्याला म्हणे, की असल्या क्षुल्लक आणि बाहुल्यांच्या पापांऐवजी काहीतरी खरं पाप तरी घेऊन ये. अठराव्या शतकात आल्फोन्सस लिगोरी या नेपल्सच्या संताने, जो स्वतः जन्मभर या शंकांनी गांजलेला होता, धर्मगुरूंना मऊपणाने वागायला शिकवलं. कॅथलिक नीतिशास्त्रात पुढे एक उपयुक्त नियम रुळला: शंकेखोर माणसाने ज्या पापाबद्दल तो शपथेवर सांगू शकेल तेवढंच सांगावं, शंका असेल तर संमती नव्हतीच असं धरावं. लिगोरीने स्थापलेल्या रिडेम्प्टरिस्ट संघाची अमेरिकेतली शाखा अशा लोकांसाठी १९६४ पासून एक पत्रिका काढत आली आहे. म्हणजे हे दुखणं चर्चला नवं नाही. उलट फारच ओळखीचं आहे.

प्रोटेस्टंट बाजू अधिक कडक वाटते. माणसाची मुळातच पापाकडे ओढ असते, आणि बाप्तिस्म्यानंतरही ती उरते, इथवर दोघांचं एकमत. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये ठरवलं, की ही उरलेली ओढ पापाकडे नेत असली तरी ती स्वतः खऱ्या अर्थाने पाप नव्हे. सुधारणावाद्यांना हे मान्य नव्हतं. इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांतलं नववं कलम सांगतं, की त्या ओढीलाच पापाचा गुणधर्म आहे. मग प्रोटेस्टंट माणसाचा नकोसा विचार पापच ठरला, असं नाही का?

माझ्या मते नाही, कारण त्या वादाचा विषयच वेगळा आहे. ट्रेंट आणि ल्यूथर भांडत होते ते हव्याशा वाटणाऱ्या गोष्टींवरून: शेजाऱ्याची बायको, शेजाऱ्याचं शेत, शेजाऱ्याचा मान. बाळाला बुडवण्याच्या विचाराने थरथर कापणाऱ्या आईला बाळ बुडवायचं नसतं. म्हणून तर ती न्हाणीघरात जायला घाबरते. तिचा विचार तिच्या इच्छेच्या नेमका उलट असतो, आणि तो छळतो तो त्याचमुळे. ज्याला देवाचं काहीच पडलेलं नाही त्याच्या मनात देवाला शिवी आली तर तो चहा ढवळत राहतो. शिवाय कडक प्रोटेस्टंट शिकवणीत एक दिलासा आहे, जो कॅथलिक झडतीत सापडत नाही: तारण पापांच्या बिनचूक यादीवर अवलंबून नसून कृपेवर आहे. यादी अपुरी राहिली तरी बिघडत नाही. बन्यनला एकदा हात मिळाला तो असाच. ल्यूथरचं गलतीकरांच्या पत्रावरचं जुनं, जीर्ण झालेलं भाष्य त्याच्या हाती पडलं आणि ते जणू आपल्याच काळजातून लिहिलेलं आहे असं त्याला वाटलं.

राहिलं ते क्षमा न होणारं पाप. या एका वचनाने जेवढी झोप उडवली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने उडवली असेल, म्हणून मार्कचा तिसरा अध्याय शांतपणे उघडून वाचावा. यरुशलेमहून आलेले शास्त्री येशूला भुतं काढताना पाहतात आणि लोकांना सांगतात, की हा बालजबूलच्या, म्हणजे भुतांच्या सरदाराच्या, बळावर हे करतो. समोर चांगलं घडत असताना, ते ओळखण्याची विद्या असताना, त्याला ठरवून सैतानी म्हणणं, तेही चारचौघांत. येशूचा इशारा या वागण्याला आहे आणि मार्क तसं कारणही लगेच देतो. झोपेत, प्रार्थनेत, बसमध्ये डोक्यात आपोआप उमटलेलं एखादं वाक्य त्यात कुठे बसत नाही. पाळक मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत, की हे पाप आपल्याकडून झालं असेल या काळजीने जो झुरतो त्याच्याकडून ते झालेलं नाही. बन्यनला भेटलेल्या त्या म्हातारबुवांना कुणी हे सांगितलं नव्हतं, हे दुर्दैव.

बन्यनने मात्र पुढच्यांची सोय केली. १६७८ साली निघालेल्या त्याच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेत यात्रेकरू मृत्युछायेच्या दरीतून जात असतो. एक दुष्टात्मा हळूच त्याच्या मागे येतो आणि कानात देवनिंदेचे शब्द कुजबुजतो. अंधारात यात्रेकरूला वाटतं, की ते आपल्याच मनातून निघाले. दरीतल्या इतर कशाहीपेक्षा त्याला हे जास्त लागतं. आगंतुक विचारांचं इतकं नेमकं वर्णन मला वैद्यकाच्या पुस्तकांतही फारसं भेटलेलं नाही. या कथेचं हरि केशवजींनी केलेलं मराठी भाषांतर १८४१ मध्ये प्रसिद्ध झालं. नगर, जालना, मुंबईच्या मराठी प्रोटेस्टंट घरांपर्यंत ही दरी तेव्हापासून पोचली आहे. भूत, सैतान ही भाषा आज आपल्याला जुनाट वाटते, पण तिने एक काम चोख केलं: हा आवाज तुझा नव्हे, असं ती माणसाला सांगू शकली. ‘हा तू नाहीस, हा ओसीडी आहे’ असं आजचा डॉक्टर सांगतो तेव्हा तोही तेच करत असतो.

विज्ञानाने यात भर घातली ती मोजणीची. लंडनमध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की कोणताही मनोविकार नसलेल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या मनात असेच विचार येतात: कुणाला ढकलावं, काही घाणेरडं करावं, पवित्र ठिकाणी अपवित्र बोलावं. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात आधीच्या तीन महिन्यांत असा एक तरी विचार आल्याचं सुमारे ९४ टक्क्यांनी सांगितलं. आजारी आणि निरोगी यांच्यातला फरक विचाराच्या मजकुरात नाही, त्याला दिलेल्या अर्थात आहे, ही मांडणी पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये केली. निरोगी माणूस ‘काय हे खुळ्यासारखं’ म्हणून पुढे जातो. दुसरा म्हणतो, ‘हे मनात आलं म्हणजे मी तसाच आहे’, आणि त्या विचाराला धुऊन काढण्यासाठी प्रार्थना, शपथा, पुन्हा पुन्हा पापनिवेदन सुरू करतो. विचार दडपला की तो उसळून येतो, हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलाच्या प्रयोगातून दाखवलं. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की लोकांना अस्वलच दिसत राहिलं.

यातली मेख एका बिशपला तीनशे वर्षं आधी कळली होती. नॉर्विचचे बिशप जॉन मूर यांनी १६९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या मेरी राणीपुढे धार्मिक खिन्नतेवर प्रवचन दिलं. भली, देवभीरू माणसंच उपासनेत बसली असताना त्यांच्या मनात ओंगळ, देवनिंदक विचार येतात, हे त्यांनी उघडपणे सांगितलं. आणि सल्ला दिला, की त्यांच्याशी जोराने झटू नका. अनुभव असा आहे, की झुंजलं तर ते फुगतात आणि दुर्लक्ष केलं तर विरून जातात. सीनायच्या त्या साधूचंच वाक्य, राजवाड्यातल्या भाषेत.

आजार धर्मामुळे होतो असं मात्र समजू नये. धर्म फक्त त्याला मजकूर पुरवतो. हिंदू घरात हाच आजार सोवळ्या-ओवळ्याचं रूप घेतो, देवघरापुढे उभं राहिल्यावर नको ते शब्द सुचवतो; देव न मानणाऱ्याला तो जंतूंची भीती घालतो. उपचारही एकच. विचार येऊ द्यायचा, त्याला धुऊन काढणारं कर्मकांड मात्र करायचं नाही, अशी ही सरावाची पद्धत. लंडनच्या व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये तिचा पाया घातला. तिच्या जोडीला औषधंही असतात. धार्मिक रुग्णाला चांगला उपचारक पाप करायला सांगत नाही. तो सांगतो, की विचार येऊनही ख्रिस्तप्रसाद घ्या, आधी पुन्हा पापनिवेदनाला जाऊ नका. यावर समजूतदार धर्मगुरू आक्षेप घेणार नाही. उलट तोच हे सांगेल.

तर पाप होतं का? होत नाही. पूर्वेकडचं चर्च, कॅथलिक आणि नीट वाचलं तर प्रोटेस्टंटही, नको असताना आलेल्या विचाराला पाप मानत नाहीत. पण हे उत्तर रोज नव्याने मागू नका. ‘खरंच नाही ना?’ असं दर संध्याकाळी विचारत राहणं हाही त्याच आजाराचा भाग आहे. एकच धर्मगुरू किंवा पाळक निवडा, एकदा सगळं सांगा आणि त्यांचा शब्द अखेरचा माना. धर्मगुरूंना आणि पाळकांना विनंती अशी, की तोच माणूस तीच गोष्ट घेऊन तिसऱ्यांदा आला तर संमतीची चौकशी करत बसू नका, त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीसाठी खास विभाग आहे. आणि घरबसल्या पहिली चौकशी करायची असेल, किंवा जीव नकोसा होण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं.